घर बांधताना काय स्वतः करायचं आणि काय नाही? धंदेवाल्याचा तीन याद्यांचा हिशेब



धंदा जरा रुळावर आला, हातात चार पैसे खेळायला लागले की डोक्यात पहिला विचार येतो घराचा. खाली गाळा, वर राहायला दोन-तीन खोल्या. आणि लगेच दुसरा विचार येतो: "कंत्राटदाराला कशाला एवढे पैसे द्यायचे? निम्मं काम आपणच करू की!"

विचार वाईट नाही. काटकसर हा छोट्या उद्योजकाचा पहिला गुण आहे. पण यात एक खड्डा आहे. मालक घराच्या साइटवर उन्हात विटा उचलत बसतो, इकडे दुकानाचं शटर दुपारपर्यंत बंद. गिऱ्हाईक दोनदा येऊन परत जातं, तिसऱ्यांदा दुसरीकडे वळतं. सहा महिन्यांनी घर अर्धवट आणि धंद्याचं भांडवल संपलेलं, अशी गत होते. म्हणून प्रश्न नीट विचारायला हवा. "मी हे करू शकतो का?" एवढ्यावर थांबू नका. "हे मीच करणं फायद्याचं आणि सुरक्षित आहे का?" असं विचारा.

## "स्वतः बांधणं" म्हणजे स्वतः थापी धरणं नव्हे

प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) २०१६ साली सुरू झाली. तिचा नियमच असा की घर लाभार्थ्याने स्वतः बांधायचं, कंत्राटदार नेमायचा नाही. मैदानी भागासाठी १ लाख २० हजार रुपयांची मदत ठरली, ती टप्प्याटप्प्याने थेट खात्यात. सोबत रोजगार हमीतून ९० दिवसांच्या अकुशल मजुरीची सोय. "अकुशल" हा शब्द लक्षात घ्या. खोदाई, भराव, माल वाहणं, पाणी मारणं यासाठी घरच्यांचे हात धरले होते. बांधकाम गवंड्यानेच करायचं, आणि त्यासाठी गवंड्यांना वेगळं प्रशिक्षण देण्याची तरतूदही त्याच योजनेत होती.

म्हणजे मालकाने घर बांधणं याचे तीन अर्थ होतात. काही काम आपल्या हाताने. काही दुसऱ्याच्या हाताने, पण आपल्या डोळ्यांसमोर. आणि काही कामांत हात घालायचाच नाही, फक्त योग्य माणूस निवडायचा.

कोणतं काम कोणत्या यादीत टाकायचं? तीन प्रश्न विचारा:

१. चुकलं तर परत करता येईल का, तेही थोड्या पैशात?
२. हे काम नंतर काँक्रीटमध्ये, भिंतीत किंवा जमिनीखाली झाकलं जाणार आहे का? चुकलं तर कुणाच्या जिवावर बेतेल का?
३. तेवढ्याच वेळात मी धंद्यात किती कमावतो?

आता एकेक यादी बघू.

## यादी पहिली: बिनधास्त स्वतः करा

पाणी मारणं, म्हणजेच क्युरिंग. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षित काम. बऱ्याच जणांना वाटतं की सिमेंट वाळून घट्ट होतं. तसं नाही. सिमेंटची पाण्याशी रासायनिक क्रिया होते आणि त्यातून ताकद येते. पाणी उडून गेलं की क्रिया थांबते, ताकद तिथेच अडकते. बांधकामाच्या भारतीय मानकाप्रमाणे (आयएस ४५६) साध्या ओपीसी सिमेंटच्या काँक्रीटला किमान ७ दिवस आणि पीपीसीला किमान १० दिवस ओलावा हवा. उन्हाळ्यात तो आणखी वाढवायचा. पोत्यावर पीपीसी लिहिलेलं असेल तर सरळ १४ दिवस धरून चाला.

स्लॅबवर मातीची किंवा हलक्या मालाची आळी करून दोन इंच पाणी साठवा. कॉलमला बारदान गुंडाळा आणि ते कायम ओलं ठेवा. वीटकाम आणि प्लास्टरला किमान ७ दिवस पाणी. लेबरवाला पुढच्या साइटवर निघून गेलेला असतो, त्याला या कामाचे वेगळे पैसे मिळत नाहीत, म्हणून हे काम राहतं. तुम्ही दुकान उघडायच्या आधी अर्धा तास आणि बंद केल्यावर अर्धा तास द्या. दुपारच्या फेरीला घरातलं कुणीतरी. घरच्या माणसाने करण्यासारखं याहून मोलाचं काम साइटवर दुसरं नाही.

माल विकत घेणं आणि मोजून घेणं. इथे तर तुमचा हातखंडाच आहे. रोज माल घेता, मापात मारलेलं ओळखता. तीच नजर साइटवर लावा.

सळईचं वजन काढायचं सूत्र सोपं आहे: जाडी (मिलिमीटरमध्ये) गुणिले जाडी, भागिले १६२. उत्तर येतं एका मीटरचं वजन किलोत. बाजारात सळई साधारण १२ मीटरची मिळते. मग एका सळईचं वजन असं:

- ८ मिमी: ४.७४ किलो
- १० मिमी: ७.४१ किलो
- १२ मिमी: १०.६७ किलो
- १६ मिमी: १८.९६ किलो

म्हणजे १२ मिमीच्या एक टन मालात साधारण ९३-९४ नग यायला हवेत. थोडा फरक मानकाप्रमाणेही चालतो. १२ मिमीला पूर्ण मालामागे शंभरात पाचपर्यंत. पण बिलावर एक टन आणि गाडीत ८५ नग असतील तर काट्यावर परत वजन करायला लावा.

वाळू, क्रशसँड, खडी ब्रासवर येते. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. गाडीच्या हौद्याची आतली लांबी, रुंदी आणि मालाची उंची फुटात मोजा, गुणाकार करा, १०० ने भागा. १० फूट लांब, ५ फूट रुंद, ४ फूट उंच म्हणजे २०० घनफूट, दोन ब्रास. वरचा ढीग हाताने सपाट करून मगच उंची घ्या. आणि ओली वाळू फुगलेली असते हे विसरू नका. तेवढ्याच मापात वाळू कमी आणि पाणी-हवा जास्त.

वाळूत माती किती आहे हे घरीच कळतं. काचेच्या उभ्या बरणीत अर्धी वाळू, वर मिठाचं पाणी. हलवा, तीन तास ठेवा. वाळूवर मातीचा वेगळा थर बसेल. तो वाळूच्या उंचीच्या आठ टक्क्यांहून जास्त दिसला तर गाडी परत.

वीट दोन हातांत घेऊन एकमेकींवर आपटा. खणखणीत आवाज हवा. मीटरभर उंचीवरून टाकली तर तुटू नये. एक वीट कोरडी असताना वजन करा, २४ तास पाण्यात ठेवून परत करा. वजन २० टक्क्यांहून जास्त वाढलं तर ती वीट पाणी पिणारी आहे. पुढे ओल तिथूनच येते.

सिमेंट सांभाळणं. पोत्यावर आठवडा आणि वर्ष छापलेलं असतं, ते वाचा. तीन महिन्यांहून जुनं घेऊ नका. जमिनीवर थेट ठेवू नका, खाली फळ्या टाकून पाऊण फूट तरी वर. भिंतीपासून दीड फूट लांब. दहा पोत्यांहून उंच थप्पी नको. आधी आलेलं आधी वापरा. हे तुम्ही गोडाऊनमध्ये रोज करताच!

जोत्यातला भराव. मुरूम एकदम ओतायचा नाही. अर्ध्या-पाऊण फुटाचा थर, पाणी, धुम्मस. परत थर, पाणी, धुम्मस. गावाकडे घरातल्या दोघा-तिघांनी हे काम आरामात होतं. घाईत भरलं की दोन पावसाळ्यांनी फरशी खचते.

आतलं रंगकाम. पुट्टीला सफाईचा हात लागतो, ती रंगाऱ्याकडे द्या. प्रायमर आणि रंगाचे हात मात्र तुम्ही मारू शकता. अट एकच: प्लास्टर पूर्ण वाळलेलं हवं. चुकलं तर परत एक हात मारता येतो, म्हणूनच हे पहिल्या यादीत.

वही आणि फोटो. रोजची हजेरी, आलेला माल, दिलेले पैसे. आणि प्लास्टर करण्याआधी प्रत्येक भिंतीतल्या वायरिंगच्या आणि पाण्याच्या पाइपचे फोटो, शेजारी टेप धरून. पाच वर्षांनी भिंतीत खिळा ठोकताना हे फोटो काढून बघाल.

## यादी दुसरी: हात त्यांचे, डोळे तुमचे

वीटकाम आणि प्लास्टर. गवंड्याचा हात वर्षानुवर्षांच्या सरावाने बसलेला असतो, तो दोन व्हिडिओ बघून येत नाही. पण तपासणी येते. भिंतीला ओळंबा लावून बघा. कोपरा काटकोनात आहे का, यासाठी एका भिंतीवर ३ फुटांवर खूण, दुसरीवर ४ फुटांवर. दोन्ही खुणांमधलं अंतर बरोबर ५ फूट भरलं पाहिजे. विटा लावण्याआधी भिजवल्या आहेत का, तेही बघा.

स्लॅबचा दिवस. त्या दिवशी दुकान बंद ठेवा, हा खर्च वसूल आहे. तुमची जागा मिक्सरजवळ. मजूर पाणी वाढवतात, कारण पातळ माल ओढायला आणि पसरायला सोपा. पण पाणी जास्त म्हणजे ताकद कमी. ५० किलोच्या पोत्याला साधारण २५ ते २८ लिटर पाणी, नेमका आकडा इंजिनिअरकडून लिहून घ्या. बादलीत किती लिटर मावतं ते आदल्या दिवशी मोजून खूण करून ठेवा. वाळू ओली असेल तर पाणी आणखी कमी.

सळईखाली कव्हर ब्लॉक आहेत का, तेही बघा: स्लॅबला २० मिमी, कॉलमला ४०, पायाच्या फुटिंगला ५०. हे ठोकळे तुम्ही आधीच घरी ओतून, पाण्यात ठेवून तयार करू शकता. सळई उघड्यावर आली की गंज, गंज आला की काँक्रीट फुटतं. कोकणच्या दमट, खाऱ्या हवेत तर हे फार लवकर होतं; तिथे किती कव्हर वाढवायचं ते इंजिनिअरला विचारा.

सेंट्रिंग काढणं. सेंट्रिंगवाल्याला त्याच्या प्लेट दुसऱ्या साइटवर न्यायच्या असतात, म्हणून तो घाई करतो. "साहेब, चार दिवस झाले, आता काही होत नाही," म्हणेल. मानक सांगतं: साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबखालचे टेकू किमान ७ दिवस, त्याहून मोठ्या गाळ्याला १४ दिवस. बीमखाली सहा मीटरपर्यंत १४, त्यापुढे २१ दिवस. हे आकडे ओपीसीचे. पीपीसीला जास्त थांबावं लागतं. इंजिनिअरने "हो" म्हटल्याशिवाय एकही टेकू हलू देऊ नका.

नळकाम आणि फरशी. पाइप भिंतीत झाकण्याआधी पाण्याचा दाब देऊन गळती तपासून घ्या. बाथरूममध्ये वॉटरप्रूफिंग झाल्यावर निदान एक दिवस-रात्र पाणी भरून ठेवा आणि खालचं छत बघा. टाइल बसल्यावर नाण्याने ठोकत जा. पोकळ आवाज आला तर खाली माल भरलेला नाही. पैसे देण्याआधी ठोका, नंतर नाही.

## यादी तिसरी: इथे हात घालायचा नाही

पाया आणि आरसीसी डिझाइन. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. शेजाऱ्याचा पाया चार फूट म्हणून आपलाही चार फूट, हा हिशेब चालत नाही. किती खोल जायचं, कॉलम किती, सळई कोणती, हे स्ट्रक्चरल इंजिनिअर ठरवेल. त्याची फी पूर्ण घराच्या खर्चात फार छोटी असते. ती वाचवणं म्हणजे दुकानाला कुलूप न लावून कुलपाचे पैसे वाचवणं.

हे किती गंभीर आहे ते आपल्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसं गेली. जाड दगडी भिंती, मातीत बांधलेल्या. दोन बाजूंच्या दगडांना एकमेकांत गुंतवणारे आडवे लांब दगड बऱ्याच ठिकाणी नव्हते. वर माळवदाचं प्रचंड ओझं. भिंती फुटल्या आणि घरं माणसांवर बसली. नंतरच्या पुनर्वसनात असंख्य गावांत घरमालकांनीच शासनाच्या मदतीने आपापली घरं दुरुस्त आणि मजबूत केली, पण कसं करायचं ते सांगायला इंजिनिअर होते. मालकाचे कष्ट आणि जाणकाराचं डोकं, ही जोडी चालते. नुसते कष्ट भिंत उभी करतात, ती टिकेलच असं नाही.

वीज. वायरिंग परवानाधारक इलेक्ट्रिकल कंत्राटदाराकडूनच. नवीन मीटर घेताना त्याचा टेस्ट रिपोर्ट लागतो. अर्थिंग आणि माणसाला धक्क्यापासून वाचवणारी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी यावर एक रुपयाही वाचवू नका. खाली गाळा असेल तर सुरुवातीलाच सांगा की व्यावसायिक आणि घरगुती मीटर वेगळे, वायरिंग वेगळं. पिठाची गिरणी किंवा मोठी मशिन टाकायची असेल तर थ्री फेजची तयारी आत्ताच. प्लास्टरनंतर भिंत फोडणं महागात पडतं.

उंचीवरची आणि खोल खड्ड्यातली कामं. बाहेरून रंग, परांचीवरचं प्लास्टर, शोषखड्डा, सेप्टिक टँक. दीड मीटरहून खोल चरात बाजूची माती आधाराशिवाय केव्हाही ढासळू शकते. तुम्ही पडलात तर घर थांबेल, पण धंदाही थांबेल. तुमच्या धंद्यातलं सगळ्यात महागडं मशिन तुम्ही स्वतः आहात!

नकाशा, परवानगी, कागदपत्रं. हे आर्किटेक्ट किंवा परवानाधारक इंजिनिअरकडे. पुढे कर्ज, वारसा, विक्री, सगळं याच कागदांवर उभं राहतं.

## आता खरा हिशेब: तुमच्या दिवसाची किंमत

आकडे समजा म्हणून घ्या, तुमचे तुम्ही घाला. समजा रंगाऱ्याची रोजंदारी ९०० रुपये आणि त्याला आतल्या रंगाला १० दिवस लागतात. म्हणजे ९,००० रुपये. तुम्हाला सराव नाही, तुम्हाला २० दिवस लागतील. तुमच्या दुकानाचा दिवसाचा निव्वळ नफा १,५०० रुपये असेल आणि तुम्ही नसताना दुकान बंद राहत असेल, तर ९,००० वाचवायला तुम्ही ३०,००० घालवले. हा धंदा कोण करेल?

पण तेच काम दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी, किंवा धंद्याच्या मंदीच्या दिवसांत केलं तर? रसवंतीवाल्याला पावसाळ्यात रिकामा वेळ असतो, लग्नाच्या मंडपवाल्याला चातुर्मासात. त्या वेळेची बाजारातली किंमत शून्य, मग ९,००० पूर्ण तुमचे. त्यामुळे काम तेच असलं तरी एकासाठी ते फायद्याचं आणि दुसऱ्यासाठी तोट्याचं ठरतं. शेजाऱ्याने स्वतः केलं म्हणून आपण करायचं नाही. आपली वही उघडायची.

याउलट माल मोजायला लागतो एक तास. त्या एका तासात सळईच्या एका गाडीत चार-पाच हजारांचा फरक सापडू शकतो. म्हणून मालकाची सगळ्यात मोठी बचत विटा उचलण्यात नाही. ती खरेदीत, मापात आणि पाणी मारण्यात आहे.

## पैशाचे चार नियम

१. घराचं बँक खाते वेगळं. गल्ल्यातून घराला पैसे द्यायचे नाहीत. महिन्याला ठरलेली रक्कम त्या खात्यात टाका आणि तिथूनच खर्च करा.

२. धंद्याचं कर्ज घरात घालायचं नाही. माल भरण्यासाठी घेतलेल्या कॅश क्रेडिटमधून सिमेंट घेणं हे बँकेच्या अटींच्या विरुद्ध, आणि दिवाळीला माल भरायला हात रिकामा राहतो तो वेगळाच.

३. पैसे टप्प्यावर, तारखेवर नाही. जोतं, स्लॅब, वीटकाम, प्लास्टर, असे टप्पे लिहून घ्या. दर स्क्वेअर फुटाचा असेल तर बाल्कनी, जिना, पॅरापेट मोजायचे की नाही, खिडक्या-दरवाजांची जागा वजा करायची की नाही, हे आधीच कागदावर. थोडी रक्कम पहिल्या पावसापर्यंत हातात ठेवा. गळतीची खरी परीक्षा पाऊसच घेतो.

४. अंदाजावर १० ते १५ टक्के जास्तीचे ठेवा. ते नसतील तर वरचा मजला आत्ता काढू नका. एक मजला पूर्ण आणि वर पुढच्यासाठी तजवीज, हे दोन अर्धवट मजल्यांपेक्षा बरं.

## हाच धडा धंद्यालाही लागू

आता जरा घर बाजूला ठेवा. तुमच्या धंद्यातही या तीन याद्या आहेत. ग्राहकाशी बोलणं, खरेदी, रोजची वही: स्वतः. पॅकिंग, डिलिव्हरी, उत्पादन: हात दुसऱ्याचे, डोळे तुमचे. जीएसटी, करार, मशिनची विद्युत दुरुस्ती: जाणकाराकडे. सगळं स्वतः करणारा मालक लवकर थकतो आणि सगळं दुसऱ्यावर सोडणारा लवकर बुडतो.

आजचा गृहपाठ: एक कोरा कागद घ्या. घर बांधायचं असेल तर घराची, नसेल तर धंद्याची सगळी कामं लिहा. प्रत्येकापुढे वरचे तीन प्रश्न. मग तीन रकाने पाडा. शेवटी तुमच्या एका दिवसाचा निव्वळ नफा काढून कागदाच्या डोक्यावर मोठ्या अक्षरात लिहा आणि तो कागद गल्ल्याच्या वर चिकटवा. पुढच्या वेळी "हे मीच करतो" असं तोंडून निघालं, की आधी त्या आकड्याकडे बघा.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोवर स्लॅबवर पाणी आहे ना, तेवढं बघून या!